मार्कचे साठ पत्ते आणि तुमचा पहिला माल



या आठवड्याच्या व्हिडिओत 'दुकानाचा पहिला माल कसा भरायचा' हा विषय घेतला होता. शेवटी घाईघाईत मी एका गेममधल्या मुलाचं नाव घेतलं आणि वेळ संपली. तो मुलगा कोण आणि त्याचा आपल्या दुकानाशी काय संबंध, ते आज नीट सांगते.

मुलाचं नाव मार्क. गेम 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम'. जपानमध्ये तो १९९८ च्या डिसेंबरात गेम बॉयवर आला, अमेरिकेत २००० साली. माझ्या आत्येभावाला तो दुबईहून कोणीतरी आणून दिला होता. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर आम्ही आळीपाळीने खेळायचो. बॅटरीचे सेल कोणी आणायचे यावरून भांडणं व्हायची ती वेगळीच.

गोष्ट साधी आहे. मार्कला चार दुर्मिळ, दंतकथेतले पत्ते हवे असतात. तो डॉक्टर मेसन यांच्या प्रयोगशाळेत जातो. डॉक्टर त्याच्यासमोर तीन तयार डेक ठेवतात, त्यातला एक निवडायचा. मग आठ क्लब फिरायचे, प्रत्येक क्लबच्या प्रमुखाला हरवून पदक मिळवायचं, आणि शेवटी चार ग्रँड मास्टर. मधेमधे रोनाल्ड नावाचा एक प्रतिस्पर्धी आडवा येत राहतो, आपल्या समोरच्या दुकानदारासारखा.

आता लक्ष द्या. मार्कच्या हातात तलवार नाही, जादू नाही. त्याच्याकडे फक्त साठ पत्ते. एकसष्टावा चालत नाही आणि एकोणसाठही चालत नाहीत. त्या साठात कुठला पत्ता किती घ्यायचा, हेच त्याचं सगळं कौशल्य. तुमचं भांडवल असंच असतं, ठरलेलं.

पत्ते मुख्यतः तीन जातींचे. एक, लढणारे पोकेमॉन. दोन, ट्रेनर पत्ते, म्हणजे मदतीचे. तीन, एनर्जी पत्ते. एनर्जी दिसायला एकदम कंटाळवाणी. त्यावर चित्र नाही, पराक्रम नाही, नुसती एक खूण. पण एनर्जी लावल्याशिवाय पोकेमॉनला सहसा हल्लाच करता येत नाही. ढोबळमानाने साठातले वीस ते पंचवीस पत्ते एनर्जीचेच ठेवावे लागतात. लहान मुलं काय करतात? एनर्जी काढतात आणि भारी भारी पोकेमॉन कोंबतात. मीही तेच केलं होतं. दोनदा. एकदा गेममध्ये आणि एकदा दुकानात.

गेममधलं आधी सांगते. सगळ्यांचा लाडका पत्ता चारिझार्ड. १२० ताकद, एका फटक्यात १०० चं नुकसान. वाचूनच तोंडाला पाणी सुटतं. पण तो थेट पटावर येत नाही. आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड. ज्या डावात पत्ता उतरवला त्याच डावात त्याला पुढच्या रूपात नेता येत नाही. शिवाय त्या फटक्याला चार एनर्जी लागतात आणि एका डावात हातातली एकच एनर्जी लावता येते. फटका मारला की दोन एनर्जी टाकून द्यायच्या. म्हणजे पुन्हा दोन डाव भरणी. तोवर समोरचा काय तुमची वाट बघत बसणार आहे?

याउलट हिटमनचॅन. थेट पटावर उतरतो. एक एनर्जी लावली की लगेच २० चा ठोसा. ताकद ७०. दिसायला साधा, पण पहिल्या डावापासून कामाला लागतो.

आता माझं दुकान. बीबीए झाल्यावर स्टेशनरीचं दुकान टाकलं. डिपॉझिट आणि फर्निचर सोडून मालासाठी हातात होते १ लाख ८० हजार. मी १ लाख २० हजारांच्या कार्टूनच्या स्कूल बॅगा, फॅन्सी बाटल्या आणि गिफ्ट आयटम भरले. कारण मार्जिन! वहीवर सुटतं ते किती, आणि बॅगेवर सुटतं ते किती, हा हिशोब मी कॉलेजात फार छान शिकले होते. वह्या घेतल्या ४५ हजारांच्या. गल्ल्यात उरले १५ हजार.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि वह्या नवव्या दिवशी संपल्या. नवीन दुकान, त्यामुळे होलसेलर उधारी द्यायला तयार नाही. पालक यादी घेऊन यायचे. "दोनशे पानी डझनभर आहेत का? नाहीत? मग राहू द्या." सगळी खरेदी एकाच जागी करायची असते हो त्यांना. वही नाही म्हटल्यावर बॅगही समोरच्या दुकानातून जायची. माझे चारिझार्ड काउंटरमागे टांगलेले आणि लावायला एनर्जी नाही. शेवटी आईने स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. सोनं तारण ठेवून वह्या आणल्या, पण तोवर अर्धा सीझन गेला होता.

बीबीएच्या पुस्तकात याला खेळतं भांडवल म्हणतात. व्याख्या मला तोंडपाठ होती. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते त्या प्रश्नाला.

म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक काम देते. कागदावर साठ चौकोन काढा. तुमचं मालाचं बजेट भागिले साठ. ३ लाख असतील तर एक चौकोन ५ हजारांचा. आता प्रत्येक चौकोनात लिहा: 'ए' म्हणजे रोख आणि रोजच्या रोज फिरणारा माल, 'ह' म्हणजे कमी मार्जिनचा पण पहिल्या दिवसापासून विकला जाणारा माल, 'च' म्हणजे भारी, दिखाऊ, सावकाश विकला जाणारा. माझा तेव्हाचा कागद काढला असता तर एक चौकोन ३ हजारांचा आणि साठातले चाळीस 'च'. रोख फक्त पाच. असा डेक घेऊन मार्क पहिल्या क्लबातसुद्धा टिकला नसता.

'च' अजिबात ठेवू नका असं माझं म्हणणं नाही. काही ट्रेनर 'एकच हीरो प्रॉडक्ट पकडा' सांगतात, काही 'फक्त चालणारा माल ठेवा' सांगतात. मला दोन्ही पटत नाही. गेममध्ये साध्या एनर्जी सोडल्या तर एका नावाचे चारच पत्ते घेता येतात. ही मर्यादा मला दुकानासाठी फार आवडते. एका भारी वस्तूत साठातले चार चौकोन, बस्स. कितीही मोह झाला तरी.

दुसरं म्हणजे समोर कोण आहे ते बघून डेक बदलायचा. एमीच्या वॉटर क्लबात आगीचा चारिझार्ड घेऊन गेलात तर पाण्याचा मार दुप्पट बसतो. तिथे विजेचे पत्ते लागतात. मार्क प्रत्येक क्लबाआधी पत्ते काढतो, घालतो. आपण मात्र एकदा माल भरला की रॅकला हात लावत नाही. माझ्या समोर बॅगांचं वीस वर्षं जुनं दुकान होतं, आणि मी बॅगांवरच पैसे लावले. रस्ता ओलांडून एक चक्कर मारली असती तरी कळलं असतं.

एका बाबतीत मात्र मार्क आपल्यापेक्षा नशीबवान. तो हरला तरी त्याचा एकही पत्ता जात नाही. परत जाऊन त्याच माणसाशी खेळता येतं, आणि जिंकला की बूस्टर पॅक मिळतात. आपल्या हरण्यात पाटल्या जातात. मग हरणंच स्वस्त करून घ्यायचं. नवीन वस्तू डझनाने आणू नका, तीन नग आणा. पंधरा दिवसांत एकही गेला नाही तर विषय संपला. होलसेलर तोंड वाकडं करेल, 'ताई, तीनला रेट नाही बसत' म्हणेल. चार रुपये जास्त द्या. ती शिकवणीची फी समजा.

माझ्या त्या बॅगांपैकी शेवटच्या चाळीस पुढच्या जूनमध्ये खरेदीच्या खाली किमतीत काढल्या. पाटल्या सुटल्या त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये. आता दरवर्षी एप्रिलच्या शेवटी मी साठ चौकोनांचा कागद काढते आणि 'च' मोजायला आईला बसवते. गेल्या वर्षी तिने दोन खोडले.