बधिर तळवे आणि पैशांचा हिशेब

पायातली चप्पल निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते कळलं, असं घरातलं शुगर असलेलं माणूस म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. तळव्यांना मुंग्या येतात, रात्री जळजळतं, गादीवर चालल्यासारखं वाटतं, या तक्रारी निदान डॉक्टरांपर्यंत पोचतात. संवेदना पुरती गेलेला पाय मात्र दुखतच नाही. रुतलेला खिळा संध्याकाळी मोज्यावरच्या डागावरून कळतो. त्रास देत नाही म्हणून त्या पायावर कुणी खर्चही करत नाही आणि पुढे एकाच जखमेत घराची शिल्लक संपते. त्यामुळे कुठे पैसे घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत, हे आधी ठरवावं. इथले दर शहरांतल्या खासगी दवाखान्यांत साधारण आढळणारे आहेत. तुमच्या गावी ते कमी-जास्त असतील.

सुरुवात फुकटात होते. माणसाला डोळे मिटून झोपायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चोळायचं नाही. कळलं की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जा. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही चाचणी घरातलं कुणीही करू शकतं.

डॉक्टरांकडे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि कंपनं तपासायचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) असतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि नेहमीच्या फीमध्येच व्हायला हवी. ‘डॉक्टर, बूट-मोजे काढतो, पाय बघा’ असं स्वतःहून म्हणा. वर्षातून एकदा हे व्हायलाच हवं आणि बधिरपणा आढळला तर दर सहा ते बारा महिन्यांनी. बायोथेसिओमीटर या यंत्रावरची चाचणी ३०० ते ८०० रुपयांत होते, शिबिरांत अनेकदा मोफतही. त्यात आकडा २५ व्होल्टच्या वर गेला तर जखमेचा धोका मोठा. नसांच्या वहनाची महागडी चाचणी, म्हणजे एनसीव्ही, २,००० ते ४,००० रुपयांना पडते. बधिरपणा दोन्ही पायांत सारखा आणि हळूहळू वाढलेला असेल तर बहुतेकांना तिची गरज नसते. एकाच पायात असेल, झपाट्याने वाढला असेल किंवा पायातली शक्तीच गेली असेल, तर मात्र ती करावी लागते. पायाची नाडी लागत नसेल तर रक्तवाहिन्यांच्या डॉपलरला २,५०० ते ५,००० रुपये जातील आणि तिथे हात आखडू नका.

बी-१२ची रक्ततपासणी (५०० ते १,२०० रुपये) मी आवर्जून सुचवेन. अनेक वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही पाय बधिर होतात आणि त्यावर स्वस्त उपाय आहे. ही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं जळजळ कमी करतात. गेलेली संवेदना ती परत आणत नाहीत, हे माहीत असलं म्हणजे ‘आणखी भारी गोळी द्या’ हा आग्रह राहत नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तेच औषध जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या तुलनेत बरंच स्वस्त मिळतं.

खरा खर्च करायचा तो पादत्राणांवर. एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल ६०० ते १,५०० रुपयांत मिळते. हे रबर कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी आपल्याकडे कित्येक वर्षं वापरलं जातंय. आतला तळ मऊ, खालचा कडक, मागे पट्टा, वर वेलक्रो आणि कुठेही खिळा नको. अंगठ्याची चप्पल टाळा, कारण ती पायात धरून ठेवण्यासाठी बोटं आवळावी लागतात आणि पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेखा काढून न्या. बधिर पायाला ‘घट्ट नाही ना?’ विचारण्यात अर्थ नाही, मापच घ्यावं लागतं. आतली लांबी पायापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त हवी. पहिले काही दिवस एक-दोन तासच घाला, काढल्यावर लाली दिसते का बघा. बोटाने दाबल्यावर तळ पुन्हा वर येईनासा झाला की चप्पल बदलायची वेळ झाली. पायाचा आकार बदलला असेल तर मापाने शिवलेले बूट लागतात, ३,००० ते १०,००० रुपये. मुंबईत हाजी अलीच्या भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत अशी पादत्राणं बनवण्याची सोय आहे. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. उन्हात तापलेल्या मंदिराच्या फरशीवर चालणाऱ्यांनी जाड मोजे घालावेत.

आता जिथे एक रुपयाही घालू नये ते. काटेरी अॅक्युप्रेशर चपला बधिर पायाला सरळ इजा करतात. भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्यांत त्वचा जाळणारं आम्ल असतं. ब्लेडने घट्टे कापून घेणं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं, हेही तसंच. नसा पुन्हा जिवंत करण्याची हमी देणारी हजारोंची पॅकेजं तर दारातूनच परत पाठवा.

जखम झालीच तर हिशेब बदलतो. खासगीत एका ड्रेसिंगचे ३०० रुपये धरले आणि ते एक दिवसाआड झालं, तर महिन्याला ४,५०० रुपये होतात आणि तळव्याची जखम भरायला महिनेही लागतात. पायावरचा भार काढणारं विशेष प्लास्टर किंवा बूट सांगितला तर त्याला नाही म्हणू नका. भार पडत राहिला तर नुसत्या ड्रेसिंगने जखम भरत नाही. लाली पसरणं, पू, दुर्गंधी, काळं पडणं, ताप यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखम नसताना पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर त्यावर चालणं थांबवा. आतली हाडं खचत असू शकतात, आणि तेही न दुखता. पाऊल किंवा बोट काढायची वेळ आली तर खासगीत बिल लाखाच्या घरात सहज जातं.

सरकारी सोयी इथे उपयोगी पडतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत. दाखल व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा आणि ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, मंजुरी आली का, हे विचारा. योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा, रुग्ण दाखल झाल्यावर धावपळीत तो मिळत नाही.

जखम भरल्यावरही वर्षभरात साधारण दहांतल्या चौघांना ती पुन्हा होते. त्यामुळे अशा माणसाने दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायला हवेत. त्या भेटींची फी आणि चपलेचा पुढचा जोड घरखर्चात आधीच धरून ठेवा.