ट्यूबची किंमत नको, ग्रॅमचा भाव बघा

कसाल तिठ्यावरून मालवणकडे दुचाकी वळवणारा हेल्मेट घालतो, पण हँडलवरचे हात आणि मान मालवण येईपर्यंत उघडीच. खळ्यात सोलां सुकवत बसणाऱ्या बाईचंही तेच. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ही सर्वांत वरची पायरी.

मेडिकलमध्ये सनस्क्रीन मागितलं की बहुधा एसपीएफ ५० पुढ्यात येतं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं, ५० साधारण ९८. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे कशाला? शिवाय एसपीएफ हा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबीचा हिशेब. काळपटपणा आणि सुरकुत्यांना हातभार लावणारी यूव्हीए गाडीच्या काचेतूनही येते. त्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’पुढे तीन-चार अधिकचिन्हं आहेत का, ते वाचा.

आता पैशांचं. एमआरपीजवळ प्रतिग्रॅम भाव छापलेला असतो, तो बघा. समजा, ५० ग्रॅमची ट्यूब ४०० रुपयांना आहे, म्हणजे ग्रॅमला ८ रुपये. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, साधारण एक ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर रोजचे १६ रुपये, आणि ट्यूब २५ दिवसांत संपते. तीच तीन महिने पुरत असेल तर ती काटकसर नव्हे. तुम्ही एसपीएफ ५०चे पैसे देऊन त्यापेक्षा कितीतरी कमी संरक्षण घेताय. महागडं चिमूटभर लावण्यापेक्षा ग्रॅमला ४-५ रुपयांचं सढळ हाताने लावा.

तारकर्लीला पोहायला जाताना हिशेब आणखी बदलतो. अंगभर लावायला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे वरच्या भावाने २४० रुपये. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा तेवढंच. चौघांच्या घराला हे परवडायचं नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट एकदा घ्या आणि क्रीम चेहरा, मान, पावलांपुरतं ठेवा. शेतात, बाजारात तर पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, रुंद काठाची टोपी आणि छत्री यांना तोड नाही.

डब्यावरची घटकांची यादीही वाचा. झिंक ऑक्साइडवालं पांढरट दिसतं, पण नाजूक त्वचेला सहसा मानवतं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन डॉक्टरांना विचारून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन हवाईत २०२१पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत, कारण प्रवाळाला धोका. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, तिथं १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा हे दोन्ही टाळलेलेच बरे. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नको, सावलीतच ठेवा.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने बिघडते. घेताना मुदत बघा आणि बिल मागा. एमआरपीपेक्षा जास्त मागितले, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.