सेटअप मारायला गाडी काढावी लागू नये म्हणून

लासुर्ण्यात बसून मी दूध संकलन केंद्रांसाठी संगणकाचा प्रोग्राम लिहितो. काट्यावरून वजन आणि टेस्टरवरून फॅट घ्यायचं, दरपत्रक बघून पावती छापायची, दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा, एवढंच त्याचं काम. तो लिहायला एक वर्ष लागलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो बसवायला शिकण्यात त्याहून जास्त गेलं.

१. आपल्याकडे चालतंय याला काही अर्थ नाही. माझ्या मशिनवर वर्षानुवर्षं साठलेलं सगळं होतं. बेलवाडीच्या पहिल्याच केंद्रावर 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही' अशी पाटी आली आणि मी गाडीला किक मारली. आता कोरं विंडोज टाकलेलं एक व्हर्च्युअल मशिन ठेवलंय. प्रत्येक सेटअप आधी तिथं चालवतो, मग ते मशिन पुन्हा कोरं करतो. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, पण डेअरीतल्या कॉम्प्युटरला ते कुणी कळवलेलं नाही. त्यातही सर्व्हिस पॅक १ नसेल तर माझ्या प्रोग्रामला लागणारं डॉट नेट ४.८ बसत नाही, म्हणून सेटअप आधी तेवढं तपासतो.

२. साधन साधं घ्यावं. मी इनो सेटअप वापरतो. जॉर्डन रसेल यांनी ते १९९७ मध्ये आणलं. एका मजकुराच्या फाईलमध्ये सगळं लिहायचं, दाबलं की एकच ईएक्सई तयार. मोठ्या कंपनीत शेकडो मशिनवर एका जागेवरून टाकायचं असेल तर एमएसआय हवं. एका खोलीतल्या डेअरीला कशाला?

३. हिशेबाची फाईल प्रोग्रामशेजारी ठेवू नका. हे मला फार महागात पडलं. प्रोग्राम फाईल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. पण २००७ च्या व्हिस्टापासून, जुन्या पद्धतीचा ३२ बिटी प्रोग्राम असेल तर विंडोज चूक दाखवत नाही. ते गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वेगळी प्रत काढतं आणि तिथं लिहितं. एका केंद्रावर सकाळी सचिव स्वतःच्या लॉगिननं बसायचे, संध्याकाळी त्यांचा पुतण्या त्याच्या लॉगिननं. पगाराच्या दिवशी सचिवांच्या पडद्यावर फक्त सकाळचं दूध, पुतण्याच्या पडद्यावर फक्त संध्याकाळचं! काका-पुतण्यांनी एकमेकांकडे ज्या नजरेनं बघितलं, ते मी विसरलेलो नाही. चोर मी होतो. आता हिशेब प्रोग्रामडेटामध्ये असतो आणि त्या फोल्डरात सगळ्यांना लिहायची परवानगी सेटअपच देतो.

४. काढून टाकताना खातेवही काढायची नाही. "उडवा आणि परत टाका, अण्णा," असं मी एका केंद्रचालकाला फोनवर सहज म्हणालो. अण्णांनी उडवलं. 'अख्खं फोल्डर पुसा' ही ओळ मीच अनइन्स्टॉलच्या भागात लिहिली होती. सहा दिवसांचं दूध दुबार पावत्यांवरून रात्री दोनपर्यंत भरत बसलो. ती ओळ गेली. आता हिशेबाच्या फाईलवर अनइन्स्टॉल हातच लावत नाही. नव्या आवृत्तीत ॲपआयडीही बदलत नाही, नाहीतर विंडोज तिला वेगळाच प्रोग्राम समजतं.

५. काट्याच्या यूएसबी वायरीचा ड्रायव्हर सेटअपमध्येच द्या. आणि वायर दुसऱ्या भोकात घातली की पोर्टचा नंबर बदलतो, हे गृहीत धरा.

६. डिजिटल सही विकत घ्या. नेटवरून उतरवलेली, सही नसलेली फाईल उघडली की विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं. मी फोनवर सांगायचो, "काही होत नाही, 'मोअर इन्फो' दाबा, मग 'रन एनीवे'." किती वाईट सवय लावत होतो मी लोकांना! उद्या खरा व्हायरस आला तरी ते तेच दाबणार. जून २०२३ पासून सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या साधनातच ठेवावी लागते; खर्च वाढला, तरी घेतली. ईएक्सई जीमेलनं पाठवायचा नाद सोडा. झिप केली तरी ते अडवतं.

७. सगळं मराठी करताना हात आवरा. इनो सेटअपची डिफॉल्ट.आयएसएल ही फाईल मी बसून मराठीत केली. 'नेक्स्ट'चं 'पुढील' केलं, तर फोन आला, "नेक्स्ट कुठं गेलं?" बटणावर आता 'नेक्स्ट'च आहे, देवनागरीत. इशारे मात्र मराठीत, आणि ते लोक वाचतात.

८. आपण पोचू शकत नाही, त्या दिवसासाठी सेटअप करा. आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून लासुर्ण्यावरून पुढं जाते, तेव्हा गाडी काढायची सोय नसते. एका वर्षी नेमकी त्याच दिवशी अंथुर्ण्याच्या केंद्रातली हार्ड डिस्क गेली. तिथल्या पोरानं नवी बसवली, लिंकवरून सेटअप उतरवला, पेनड्राइव्हवरचा कालचा बॅकअप दाखवला. मला त्याचा फोन आला तो सगळं झाल्यावर. संध्याकाळच्या पहिल्या पावतीवर ३.८ फॅट लागली होती, आणि मी दारात वारकऱ्यांना चहा देत होतो.