लक्षद्वीपाच्या प्रवाळसृष्टीचे दर्शन

केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे किलोमीटर दूर, अरबी समुद्रात लक्षद्वीपाची छत्तीस बेटे पसरली आहेत. सर्वांची भूमी एकत्र केली तरी ती बत्तीस चौरस किलोमीटरच भरते. मनुष्यवस्ती तर अवघ्या दहा बेटांवर आहे. कोचीहून निघणारी प्रवासी जहाजे कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांपाशी एकेक दिवस मुक्काम करितात. जेथे मोठे जहाज किनाऱ्यास लागू शकत नाही, तेथे ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते व उतारू लहान होड्यांतून वाळूवर येतात. तेथे पाण्यावर पालथे पडून, तोंडात नळी धरून समुद्रतळ पाहण्याचा जो प्रकार चालतो, त्यास स्नॉर्केलिंग म्हणतात. हा केवळ खेळ नसून पदार्थविज्ञान व प्राणिशास्त्र या दोहोंचा उत्तम पाठ आहे, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

प्रथम साधनांचा विचार करू. उघड्या डोळ्यांनी पाण्यात पाहिले असता सर्व काही अंधुक दिसते. हवेतून येणारे किरण डोळ्याच्या बाह्य पटलावर वाकतात आणि म्हणून चित्र रेखीव उमटते. परंतु पाणी व ते पटल यांची घनता प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ सारखी असल्याने पाण्यातील किरण तेथे फारसे वाकत नाहीत. काचेचा मुखवटा डोळ्यांपुढे हवेचा एक थर राखतो व दृष्टी पूर्ववत होते. मात्र वस्तू आहे त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठी व एक चतुर्थांश जवळ भासते. वाटीच्या तळाशी नाणे ठेवून वर पाणी ओतल्यास नाणे वर आलेले दिसते, ते याच नियमाने.

दुसरे साधन नळी. हत्ती ज्याप्रमाणे सोंड वर काढून श्वास घेतो, त्याप्रमाणे पाणबुडे नळीने श्वास घेतात, असे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेविले आहे. ही नळी हातभरही लांब का नसते, असा प्रश्न कोणीही विचारील. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा शंभर ग्रॅम अधिक भार पडतो. छातीचा पृष्ठभाग एक हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर हा भार शंभर किलोग्रॅम होतो! एवढे ओझे उचलून छाती फुगविणे मनुष्यास साधत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा साचून पुन्हा आत येते. म्हणून पपईचा पोकळ देठ किंवा रबराची लांब नळी घेऊन विहिरीच्या तळाशी बसण्याचे धाडस कोणीही करू नये; ते प्राणावर बेतेल.

आता पाण्याखाली काय दिसते ते पाहू. झाडांच्या फांद्यांसारखे, हरणांच्या शिंगांसारखे अथवा मोठ्या धोंड्यांसारखे जे आकार दिसतात, ते वनस्पतीही नव्हेत व निर्जीव दगडही नव्हेत. असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी समुद्रातील चुना घेऊन बांधलेली ती घरे होत. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानास देते व त्यास रंगही आणते. प्रकाशाची गरज असल्यामुळेच ही वसाहत उथळ व स्वच्छ पाण्यात वाढते. जुने ज्वालामुखी पर्वत हळूहळू खचत असता प्रवाळ वर वर बांधकाम करीत राहिले व त्यांतून कंकणाकार बेटे झाली, असा सिद्धांत चार्ल्स डार्विन याने १८४२ साली मांडला.

बेटावरची पांढरी वाळूही बहुतांशी प्रवाळांचा व शिंपल्यांचा चुराच होय. पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडून त्याची वाळू करितात. हाच प्रवाळांचा बांध मोसमी लाटांचा जोर मोडतो. १८४७ सालच्या वादळाने कल्पेनीच्या किनाऱ्यावर फेकलेल्या प्रवाळखंडांची रास पाहिली म्हणजे समुद्राचे बळ ध्यानी येते. बहुतेक भूमी समुद्रसपाटीहून एक-दोन मीटरच उंच असल्याने बांध मेला तर बेटाचे रक्षण कोण करणार?

ही चिंता काल्पनिक नाही. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात व उष्णता टिकल्यास मरतात. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी असे घडले. त्यात पाहुण्याच्या पायाची भर पडते. धोंड्यासारखे भरीव प्रवाळ वर्षास साधारणपणे एखादा सेंटिमीटरच वाढतात. म्हणजे थकून क्षणभर टेकविलेला पाय वीस-तीस वर्षांचे काम मोडू शकतो.

म्हणून पाण्यात उतरणाऱ्याने काही नियम पाळावेत. एकट्याने जाऊ नये; तरंगते जाकीट घालावे. लाटांनी बांधावरून आत आलेले पाणी बांधाच्या फटींतून वेगाने बाहेर जाते, म्हणून त्या वाटांपासून दूर राहावे. नळीत पाणी शिरल्यास न घाबरता जोराने फुंकावे. थकल्यास पाठीवर तरंगावे, प्रवाळावर उभे राहू नये. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आमच्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत व तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेव्हा हा धडा दूरच्या बेटापुरता नाही. जहाज सायंकाळी निघून जाते, उतारू घरी परततात. बेटावरील लोकांस मात्र त्याच बांधाच्या आश्रयाने राहावयाचे असते. ज्याच्या घरी आपण घटकाभर पाहुणे झालो, त्याच्या घराची भिंत न ढासळविता परत येणे, हाच खरा सुसंस्कृतपणा होय.