मृत्युपत्र : का आणि कसे करावे?

घरातले वडीलधारे माणूस जाते. अंत्यविधी होतो, सातव्या दिवसाची मिस्सा होते, पाहुणे आपापल्या घरी परततात. मग एके दिवशी कपाट उघडून कागदांची शोधाशोध सुरू होते. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असतो. बँकेत नॉमिनी म्हणून धाकट्या मुलाचे नाव असते. घराबद्दल मात्र "बाबा मला तोंडी म्हणाले होते" असे सांगणारे तिघे निघतात. वाडीतल्या दोन गुंठ्यांनाही आज मोल आले आहे. मग जे भाऊ एका ताटात जेवले ते एकमेकांशी बोलेनासे होतात. नोव्हेंबरमध्ये आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावायलाही ते वेगवेगळ्या वेळी येतात.

अशा प्रत्येक घरात लोभच असतो असे नाही. पुष्कळदा कारण साधे असते: कागद केलेला नसतो आणि कायदा ऐकीव असतो. कचेरीतला सहकारी किंवा हिंदू शेजारी वारसाहक्काबद्दल जे सांगतो ते त्याच्या कायद्यापुरते खरे असते. आपल्याला मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो आणि त्याचे नियम निराळे आहेत. ते थोडक्यात समजून घेऊ.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोन तृतीयांश वाटा मिळतो. पत्नी वारली तर पतीलाही हाच नियम. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली असा भेद कायदा करत नाही. समजा घराची किंमत ९० लाख रुपये आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. पत्नीच्या वाट्याला ३० लाख आणि तिन्ही मुलांना प्रत्येकी २० लाख येतील. एखादे मूल आधीच वारले असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना जातो.

"तिला लग्नात सोने दिले, आता तिचा हक्क संपला" हे म्हणणे कायद्याला मान्य नाही. केरळमधील जुन्या त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलींना भावांपेक्षा फारच कमी वाटा मिळत असे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ मध्ये तेथील मुलींनाही हा समान कायदा लागू झाला. बहिणीला आपला वाटा भावाला द्यायचा असेल तर तिने तो समजून-उमजून, स्वखुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने द्यावा. दुःखाच्या दिवसांत घाईघाईने तिच्या सह्या घेऊ नयेत.

कायदा ज्यांना विसरतो

कायद्याची वाटणी नात्याकडे पाहते. कोणी सेवा केली, कोणाला गरज आहे हे ती पाहत नाही. म्हणून मृत्युपत्राची खरी गरज पुढील माणसांसाठी आहे.

विधवा सून: मुलगा आधी गेला आणि सून सासू-सासऱ्यांना सांभाळत राहिली, तरी त्यांच्या मालमत्तेत तिला स्वतःचा वाटा नाही. तिला मुले असतील तर वाटा मुलांना जातो. मूल नसेल तर तिला काहीच मिळत नाही.

आई: मूलबाळ नसलेला मुलगा वारला आणि मागे पत्नी, आई व वडील असले, तर निम्मे पत्नीला आणि निम्मे वडिलांना जाते. वडील हयात असताना आईला वाटा नाही.

अविवाहित बहीण: भावाच्या घरात जन्म घालवलेली, त्याची मुले वाढवलेली आत्या आपल्याकडे अनेक घरांत आहे. भावाला मुले असतील तर त्याच्या मालमत्तेत तिचा हक्क नाही. तिला त्या घरात अखेरपर्यंत राहता यावे, एवढी एक ओळ लिहून ठेवली तर तिचे म्हातारपण निर्धास्त होईल.

मृत्युपत्र कसे करावे?

अठरा वर्षे पूर्ण झालेली, शुद्धीवर व समजत्या मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. ते साध्या कागदावर, मराठीत लिहिलेले चालते. स्टॅम्प पेपर लागत नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून करणाऱ्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे सक्तीचे नाही, परंतु पुढील वाद टाळण्यास ती उपयोगी पडते. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

मालमत्तेचे वर्णन मोघम नसावे. "वरची वाडी थोरल्याला" असे न लिहिता गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर व क्षेत्र लिहावे. इच्छेप्रमाणे वाटणी करून देणारी एक विश्वासू व्यक्ती, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावी. उरलेल्या किंवा पुढे मिळणाऱ्या मालमत्तेचे काय करायचे, तेही शेवटी लिहावे.

मृत्युपत्र केले म्हणजे मालमत्ता हातातून गेली असे नाही. हयात असेपर्यंत ती तुमचीच राहते आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. आपल्या मृत्युपत्राला कोर्टाचे प्रोबेट घेण्याची सक्तीही २००२ च्या दुरुस्तीने गेली.

नेहमी होणाऱ्या चुका

१. लाभार्थीच साक्षीदार. ज्याला मालमत्ता द्यायची त्याची किंवा त्याच्या पत्नीची अथवा पतीची साक्ष घेतली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेला भाग रद्द होतो. जावयाची साक्ष घेतली म्हणून मुलीचा वाटा जाऊ शकतो! साक्षीदार घराबाहेरचे आणि शक्यतो आपल्याहून लहान वयाचे असावेत.

२. लग्नाआधीचे मृत्युपत्र. आपल्या कायद्यात लग्न झाले की आधी केलेले मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर किंवा विधवेने पुनर्विवाह केला तर नवे मृत्युपत्र करावे.

३. नॉमिनी म्हणजे मालक हा समज. बँक किंवा सोसायटी नॉमिनीच्या हाती ताबा देते, पण तो इतर वारसांच्या वतीने सांभाळायचा असतो. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्याचे नियम थोडे निराळे आहेत, ते विचारून घ्यावेत.

४. वडिलोपार्जित जमिनीबद्दलचा गैरसमज. आपल्या कायद्यात मुलाला जन्मतः हक्क मिळत नाही. वडिलांकडून आपल्या वाट्याला आलेली जमीनही मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. मात्र सातबाऱ्यावर चुलते, आत्या यांची नावे असतील तर आपल्याला आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. म्हणून आधी वारस नोंद व वाटणी पूर्ण करावी.

५. पेनाने खाडाखोड. सही केल्यावर केलेली दुरुस्ती पुन्हा सही व दोन साक्षींशिवाय चालत नाही. त्यापेक्षा नवे मृत्युपत्र करून जुने रद्द केल्याचे त्यात लिहावे.

६. कोणालाच न सांगणे. मृत्युपत्र कुठे ठेवले आहे हे एक्झिक्युटरला ठाऊक असावे.

चर्चला किंवा धर्मादाय कामाला मृत्युपत्राने काही देणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीवर पूर्वी मुदतीच्या कडक अटी होत्या. फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्या रद्द केल्या. तरी घरातल्या गरजू माणसाची सोय आधी पाहावी.

बक्षीसपत्राची घाई नको

"मृत्युपत्र कशाला, आताच मुलाच्या नावावर करून टाका" असा सल्ला अनेक जण देतात. बक्षीसपत्राने दिलेले घर त्याच क्षणी दुसऱ्याचे होते आणि सहसा परत घेता येत नाही. द्यायचेच असेल तर "आम्हांला अखेरपर्यंत राहू द्यावे व सांभाळावे" ही अट दस्तातच लिहावी. अट लिहिलेली असेल आणि मूल सांभाळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली न्यायाधिकरणाकडे जाऊन तो दस्त रद्द करून मागता येतो. अट नसेल तर वाट बिकट होते.

मूळचे गोव्याचे असलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांना गोव्याचा वारसा कायदा लागू होऊ शकतो आणि त्यात मुलांसाठी निम्मा भाग राखीव असतो. अशा गोवेकराच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही तो लागू पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. त्यांनी गोव्यातील जाणकार वकिलाला विचारावे.

मृत्युपत्राचा विषय काढला की घरात कोणीतरी म्हणते, "असे अभद्र का बोलता?" परंतु मृत्युपत्र केल्याने मरण जवळ येत नाही, मागे राहणाऱ्यांचे भांडण मात्र दूर राहते. येत्या आठवड्यात पती-पत्नीने एकत्र बसून एवढेच करावे: सातबारा, घराचे कागद, पासबुके एका पिशवीत ठेवावीत आणि कोणाला काय द्यायचे ते एका वहीत लिहावे. मग ती वही घेऊन वकिलाकडे जावे. आणि लिहिताना स्वतःला विचारावे: आपण गेल्यावर या घरात कोणाचा आधार तुटेल? त्या माणसाचे नाव आधी लिहावे.