लढाई, कट्टा आणि ५६ एपीओ

अपशिंगे मिलिटरी हे नाव सातारा जिल्ह्याबाहेरही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण इंग्रजांच्या फौजेतून लढताना गेले आणि गावाच्या नावापुढे मिलिटरी लागलं. आमचं गाव तिथून फार लांब नाही. नावापुढे काही लागलं नाही, पण एका घराआड एका घरात फौजी, हा हिशेब आमच्याकडेही तोच. गावचं शाखा पोस्ट आमच्या घराच्या सोप्यात होतं, आधी वडिलांकडे आणि मग माझ्याकडे. १९६२ ला मी शाळेत होतो, कारगिलच्या वेळी पन्नाशी ओलांडलेली. लढाया मी टीव्हीवर पाहिल्या त्याहून जास्त डाकेच्या पिशवीत पाहिल्या. त्यातून जी मतं बनली ती इथे मांडतोय. कुणाला मी भेकड वाटेन, कुणाला युद्धखोर. दोन्ही ऐकून घ्यायची सवय आहे.

१. पत्र उघडण्याआधी शिक्का बघावा

कारगिल पेटलं तेव्हा, १९९९ च्या मे महिन्यापासून, पिशवी यायच्या आधीच सोप्यात चार-सहा बायका येऊन बसायला लागल्या. फौजी कुठेही असो, त्याचा पत्ता ठरलेला: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. पूर्वेकडे असला तर ९९. पत्त्यात ठिकाण लिहायचंच नसतं. त्यामुळे पोरगं द्रासला आहे की जोधपूरला, हे पाकिटावरून कळायची सोय नाही. मग बघायचं काय, तर शिक्क्याची तारीख. "मास्तर, कवाचा हाय ओ शिक्का?" मी तारीख सांगितली की बाई मनाशी मोजायची. त्या दिवसापर्यंत ठीक होता, एवढं पक्कं. मग पत्र उघडायचं. आत लढाईची ओळ सहसा नसायचीच. विहिरीवरची मोटर भरून आणली का, धाकट्याने अकरावीला सायन्स घेतलं की कॉमर्स, म्हैस व्याली का.

त्याच वेळी एसटी थांब्याजवळच्या कट्ट्यावर लाहोर घेऊन झालेलं असायचं. मे महिन्याच्या सुट्टीला मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी तर रावळपिंडीच्या खाली बोलायला तयार नसायची. ज्याचं कुणी वर आहे तो माणूस कट्ट्यावर यायचा, चहा घ्यायचा, बातम्या संपल्या की उठून जायचा. त्याला कुणी "तुमचं मत काय, तात्या?" असं विचारल्याचं मला आठवत नाही.

पण सगळी युद्धं वाईटच म्हणणारे सज्जनही तितक्याच लांबून बोलत होते. टोलोलिंगच्या माथ्यावर बसलेल्या पाकिस्तानी घुसखोरांना खालचा श्रीनगर-लेह रस्ता दिसत होता आणि त्यावरच्या ट्रकांवर तोफगोळे पडत होते. तिथून त्यांना उठवायला सह्यांचं निवेदन पुरलं नसतं. कारगिलची लढाई लढावीच लागणार होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

२. नावावर जाऊ नये, नंबर विचारावा

आमच्या गावात एकाच नावा-आडनावाचे तिघे फौजी होते. रेडिओवर तसं नाव ऐकून कुणीतरी धावत सुटला आणि एका घरात भलतीच रडारड झाली. तासाभराने कळलं की गेलेला जवान तिसऱ्याच जिल्ह्यातला. हे खेड्यातच होतं असं नाही. टायगर हिलच्या लढाईसाठी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र जाहीर झालं ते मरणोत्तर म्हणून, आणि ते तर इस्पितळात उपचार घेत होते. त्याच नावाचा दुसरा जवान गेला होता. थेट दिल्लीत असं होऊ शकतं, तर आपण कोण?

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी लढाई चालू असताना एका रात्री काही वाहिन्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. त्या रात्री फोनवर फटाक्यांची चित्रं पाठवणाऱ्या कुणीही दुसऱ्या दिवशी चूक झाली म्हटलं नाही.

३. पेटी आली की गाव येतं, पण थांबत नाही

आधीच्या लढायांत मेलेला माणूस गावात यायचाच नाही. १९६५ आणि १९७१ ला बहुतेकांचे अंत्यविधी तिकडेच झाले. गावात यायची ती तार, आणि पुढे कधीतरी त्याची ट्रंक. तारेचं बक्कल लावलेला माणूस गल्लीत शिरला की पाठोपाठ दारं उघडायची आणि तो कुठल्या घरापाशी थांबतो ते बघायची. दुःख त्या घरापुरतं, फार तर भावकीपुरतं.

कारगिलमध्ये पहिल्यांदाच तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव पोहोचवल्या गेल्या. आपले ५२७ जवान आणि अधिकारी गेले, म्हणजे शेकडो गावा-शहरांनी लढाई दारात पाहिली. टीव्हीमुळे देश एक झाला असं म्हणतात. मला वाटतं, टीव्हीपेक्षा त्या पेट्यांनी जास्त काम केलं.

आमच्या शेजारच्या गावी पेटी आली तेव्हा मी गेलो होतो. माळावर माणूस मावत नव्हता. शाळेची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन सकाळपासून उन्हात उभी. मंडप होता, माईक होता, आणि कुणी कुठल्या क्रमाने बोलायचं यावरून मंडपामागे दबक्या आवाजात वाद चालला होता, कारण निवडणूक तोंडावर होती. वाजपेयींचं सरकार एप्रिलमध्ये एका मताने पडलेलं आणि काळजीवाहू म्हणून लढाई चालवत होतं. मुलाचे वडील स्वतः पासष्टच्या लढाईतले माजी सैनिक. कोट, छातीवर पदकं, डोक्यावर फेटा. भाषणं चालू असताना ते उठून पेटीबरोबर आलेल्या हवालदाराकडे गेले आणि त्याला विचारलं, "तुम्ही पोरं जेवलात का?" जेवली नव्हती. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग चुलत्याच्या घरी भाकरी-पिठलं झालं आणि मानवंदना देणारी ती सहा-सात पोरं गोठ्याच्या सावलीला बसून जेवली. तोवर माईकवर पाकिस्तानला नकाशावरून पुसून झालं होतं.

वर्षश्राद्धाला मी पुन्हा गेलो. भावकी होती, दोन पेन्शनर होते, मी होतो.

४. मॅच ही मॅच असते

८ जून १९९९ ला मँचेस्टरला विश्वचषकात आपण पाकिस्तानला ४७ धावांनी हरवलं. वेंकटेश प्रसादने पाच बळी घेतले. फटाके वाजले, मीही खूश होतो. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे छळ केलेले मृतदेह परत मिळाले. मॅच जिंकून कशाचा तरी बदला घेतला म्हणणाऱ्यांशी मी त्यानंतर वाद घालत नाही.

५. रेषा ओलांडली नाही, त्याचा हिशेब कुणी दिला ते लक्षात ठेवावं

ताबारेषा ओलांडायची नाही, असं सरकारने ठरवलं. विमानांनीसुद्धा नाही. कट्ट्याने वाजपेयींना तेव्हा काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पेन्शनरांतही दोन तट होते. माझ्या मते निर्णय बरोबर होता. दोन्ही देशांनी १९९८ च्या मे महिन्यात अणुचाचण्या केलेल्या. लढाई पसरली असती तर ती कुठे थांबली असती, हे कुणाच्याच हातात राहिलं नसतं. शिवाय घुसखोर कोण आणि घर कुणाचं हे जगाला स्वच्छ दिसलं, म्हणून तर ४ जुलैला नवाझ शरीफांना वॉशिंग्टनला जाऊन माघार कबूल करावी लागली.

पण एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. मागून वळसा घालायचा नाही म्हटल्यावर उरतो तो समोरचा चढ. सोळा-साडेसोळा हजार फुटांवर श्वास पुरत नाही, आडोसा नाही, वरच्याला खालचा हलताना दिसतो. शहाणपणाच्या त्या निर्णयाची किंमत विशी-पंचविशीतल्या पोरांनी रात्रीच्या अंधारात कडे चढून चुकवली. टोलोलिंग १३ जूनला हाती आलं, त्याआधी तिथे किती जण पडले ते जाणकारांना विचारा. ज्यांना संयम आवडतो, माझ्यासारख्यांना, त्यांनी हा हिशेब न सांगता संयमाचं कौतुक करू नये.

६. लढाई चालू असताना विचारायचे नसतील तर प्रश्न वहीत लिहून ठेवावेत

घुसखोर पहिल्यांदा पाहिले ते मेंढपाळांनी. ताशी नामग्याल हे त्यातलं एक नाव. मग बाकी सगळे काय करत होते? हा प्रश्न मी जूनमध्ये विचारला तर एका मास्तरांनी "ही वेळ नव्हे" म्हणून गप्प केलं. ठीक आहे. पण ऑगस्टमध्ये विजयाचा माहोल होता, सप्टेंबरात गणपतीसमोर थर्मोकोलचं टायगर हिल होतं, आणि त्याच सुमारास मतदान. वेळ कधी आली, मला कळलं नाही. के. सुब्रह्मण्यम समितीने अहवाल दिला, त्यावर मंत्रिगट बसला, २००१ मध्ये त्याने तिन्ही दलांचा एक प्रमुख नेमा म्हणून सुचवलं. पहिला संरक्षण दल प्रमुख खुर्चीत बसला २०२० च्या जानेवारीत. कट्ट्यावर त्या दिवशी कशाची चर्चा होती, आठवत नाही, पण याची नव्हती.

बोफोर्सचं तर विचारूच नका. १९८९ ला त्याच तोफेच्या नावाने सरकार पाडणारा आमचा कट्टा दहा वर्षांनी द्रासमध्ये ती धडाडली तेव्हा तिच्या पाया पडायला निघाला. तोफ चांगली होती आणि दलालीचा प्रश्नही खरा होता. दोन्ही एका डोक्यात ठेवणं लोकांना जड जातं.

७. समोरच्याच्या खिशातही पत्र असतं

पाकिस्तान म्हणत राहिलं की वर बसलेत ते मुजाहिदीन. पण मेलेल्यांच्या खिशांत पगाराची पुस्तकं आणि घरची पत्रं सापडली. नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक होते ते. त्यांच्या देशाने कित्येकांचे देह घ्यायला नकार दिला तेव्हा आपल्या जवानांनी ते त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हा हुद्दा नव्हे, नावच) हा त्यांचा अधिकारी टायगर हिलच्या लढाईत पडला. आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी तो शौर्याने लढल्याची चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात ठेवली आणि देह परत पाठवला. पुढे पाकिस्तानने त्याला सर्वोच्च पदक दिलं. पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या चिठ्ठीइतकं मोलाचं बिनतिकिटाचं टपाल दुसरं सापडलं नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलची सहा, आणि तिथे नवरा गमावलेल्या एका तरुण मुलीने मुसलमानांना आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका म्हटल्यावर लोक तिच्यावरच तुटून पडले. ज्यांचं काही गेलं नव्हतं ते लोक. लढून आलेला ब्रिगेडियर शत्रूबद्दल चार चांगले शब्द लिहू शकतो, आणि पंख्याखाली बसलेल्याला ते ऐकवत नाहीत.

८. पैसा आला की नातेवाईक येतात

यावर फार लिहिणार नाही, घरं ओळखीची आहेत. लोकांनी कारगिलसाठी मनापासून दिलं, शाळेच्या पोरांनी खाऊचे पैसे दिले, ते मी मोजलेत. पण वीस-बावीस वर्षांच्या विधवेच्या नावावर रक्कम जमा झाली की सासरा एका अंगाला, बाप दुसऱ्या. पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून धाकट्या दिराशी लग्न लावायची घाई. खिडकीपाशी बाई सही करायची आणि फॉर्म दुसराच कुणीतरी धरून उभा असायचा. मी एवढंच करायचो, "फॉर्म बाईंच्या हातात द्या आणि जरा बाहेर उभे राहा" म्हणायचो. काही जण अजून बोलत नाहीत माझ्याशी.

९. देशप्रेमाची पावती मागावी

१० मे २०२५ ला संध्याकाळी पहलगामनंतरची लढाई थांबल्याचं कळलं, तेही आधी ट्रम्प यांच्याकडून. ते मलाही खटकलं. थांबलं ते बरं झालं, ७ तारखेला जिथे मारायचं तिथे मारून झालं होतं, हे माझं मत. पुतण्याचं मत, अजून दोन दिवस द्यायला हवे होते. घरच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चाललं.

त्याच आठवड्यात नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. नवरा मुलगा फौजी. रजा रद्द झाली, तो निघून गेला, लग्न पुढे ढकललं. मंगल कार्यालयाच्या मालकाने दारावर भला मोठा तिरंगा आणि जय जवानचा फ्लेक्स लावला होता. ॲडव्हान्स परत मिळणार नाही, म्हणाला, नियम आहे. मुलीचे मामा आणि मी दोघं जाऊन त्या फ्लेक्सखालीच खुर्च्या टाकून बसलो. तासाभराने दिवाळीनंतरची तारीख त्याच पैशांत मिळाली. जेवणाच्या ताटाचा दर मात्र त्याने नवा लावला.