नव्या मुलीला आधी सांगा

आसनगावहून कसारा लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये माझी अकरा वर्षं अशी गेली. त्यात शिकलेलं हे, उशिरा शिकलेलं.

१. ‘सांभाळून राहा’ म्हणजे काहीच न सांगणं. मुरबाडकडची एक मुलगी आमच्याकडे ट्रेनी म्हणून लागली. पहाटे एसटीने कल्याण, पुढे लोकल. तिला ज्या टीम लीडच्या हाताखाली दिलं, त्याचे प्रकार आम्हा जुन्या बायकांना पाठ होते: रात्री अकरानंतरचे मेसेज, रिलीजच्या नावाखाली एकटीला थांबवणं, नाही म्हटलं की अप्रेजलमध्ये वचपा. मी तिला एवढंच म्हणाले, “सांभाळून राहा गं.” तिला वाटलं, मी गाडीतल्या गर्दीबद्दल बोलतेय. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, “ताई, तुम्हाला माहीत होतं?” मला मान वर करता आली नाही.

२. अशा माणसांबद्दलची कुजबूज ओळखीपाळखीतच फिरते. शहरातल्या कॉलेजच्या मुलींना त्यांच्या सीनियर आधीच नाव सांगतात. शहापूर-मुरबाडच्या मुलीला कंपनीत कुणीच ओळखीचं नसतं. म्हणून आधी तिला गाठायचं.

३. ‘माझ्याशी झालं’, ‘जिच्याशी झालं तिने मला सांगितलं’ आणि ‘ऐकलंय’ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवून सांगायच्या. जिला त्रास झाला तिचं नाव तिला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

४. अब्रुनुकसानीच्या भीतीने मी गप्प होते. नंतर कळलं की ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी सद्हेतूने दिलेला इशारा हा त्या कायद्यातला दहावा अपवाद आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होता, नव्या न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी २०१८ मध्ये, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष सोडलं आणि म्हटलं की बाईच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन कुणाची अब्रू जपता येणार नाही. पण त्यासाठी रमाणींना दोन वर्षांहून जास्त कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणून मी समोरासमोर सांगते, मोठ्या ग्रुपवर टाकत नाही.

५. नावाबरोबर वाटही सांगायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. कंपनीची गाडीसुद्धा कामाचीच जागा. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तालुक्याला नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत तिच्याकडे पोचवायची असते. त्या मुरबाडच्या मुलीला नोकरी सोडल्यावरही तक्रार करता आली असती. तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

६. घरी सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. आमच्याकडे पहिला उपाय असतो ‘बस झाली नोकरी’.

७. गेल्या जूनमध्ये लेडीज डब्यात एक नवी मुलगी भेटली. त्याच टीम लीडच्या हाताखाली चालली होती. वासिंदला सुरुवात केली, टिटवाळ्यापर्यंत नावानिशी सगळं सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग वही काढून म्हणाली, “ताई, समितीतल्या बाईंचं नाव सांगा.”